खांद्यातला पांढरा ठिपका

दवाखान्याच्या बाकावर शेजारच्या गृहस्थांनी बायकोची एक्स-रे फिल्म खिडकीच्या उजेडात धरली होती. खांद्याच्या हाडाजवळ तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका होता. त्याच्यामुळे बाईंचा उजवा हात डोक्यापर्यंत जात नव्हता.

"कॅल्शियम साठलंय म्हणे," ते म्हणाले. "आणि हाडांत कमी म्हणून मी हिला रोज नाचणीचं सत्त्व करून देतोय!"

"तरी सांगत होते, इतकं घट्ट करू नका," बाई म्हणाल्या.

खाण्याचा याच्याशी संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. पण गृहस्थांना ते पटलेलं दिसत नव्हतं.

गावात टंचाई आणि गोदामात साठा, अशा बातम्या वार्ताहर म्हणून मी पुष्कळ लिहिल्या. तिथे कुणीतरी दोषी निघायचं. इथे कुणाचं नाव लिहायचं, ते कळेना.

उठताना बाईंचा अंबाडा सुटला. गृहस्थांनी फिल्म माझ्याकडे दिली आणि ते बाईंचे केस गुंडाळू लागले.

"अहो, पीळ उलटा देताय."

"मग सुलटा कुठला?"

दाखवायला बाईंनी हात उचलला. तो खांद्याच्या उंचीला आला आणि तिथेच थांबला.