फिरकी आणि अर्धशिशी

उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, आमच्या गुजरातेतल्या नडियादच्या गच्च्यांवर पतंग, भोंगे आणि कडक ऊन. खाली माझ्या सासूबाईंची, मंजुबांची, अर्धशिशी. दरवर्षीचं ठरलेलंच. म्हणून आदल्या दिवशीच उंधियू शिजवून बा आतल्या खोलीच्या खिडकीला गोधडी अडकवतात आणि उशाशी गोळी, ओला पंचा ठेवतात.

यंदा दुपार टळली तरी कपाळ ठणकेना. सासरे वरून ओरडले, "दुखत नाही ना? मग ये, फिरकी धर!" पतंग पुरुषांनी उडवायचा, बायकांनी मागं मांजाची फिरकी धरून उभं राहायचं, ही आमच्याकडची रीत.

"एवढी तयारी केलीय, ती वाया घालवू?" म्हणत बांनी खोलीचं दार लावून घेतलं.

फिरकी माझ्या हातात आली. तासाभरानं मी खाली येऊन दार वाजवलं. "बा, माझंही डोकं ठणकतंय हो."

"ये. दुसरी उशी कालच ठेवलीय."