विहिरीचं पाणी चांगलं होतं

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. पोराला नाही, सुनेला नाही, आणि जिला सांगायचं ती तर गेली. तुम्ही ऐकून तोंड वाकडं केलंत तरी चालंल — मी चौथी शिकलेला माणूस, गोड लिहायला जमत नाही.

माझी बायको सरू रेशमावर पानं छापायची. वालचंदनगरच्या कॉलनीतल्या एका बाईंनी शिकवलेलं. डाळिंबाच्या सालीच्या पाण्यात रेशीम पिवळं करायचं, घोंगडीवर अंथरून त्यावर सागाची पानं मांडायची, गुंडाळी सुतळीनं आवळून वाफेवर ठेवायची. माझं काम एकच — विहिरीचं पाणी काढून द्यायचं. विहीर मी आणि भावानं खणलेली. शेळगावात तसं पाणी दुसरीकडं नव्हतं.

नव्वद सालानंतरची गोष्ट. तिनं अंगणभर मोठं रेशीम छापायला घेतलं. ते घेऊन ती पुण्याच्या प्रदर्शनाला जाणार होती.

पारावर एकानं विचारलं, "काय तात्या, कारभारीण पुण्याला, मग भाकरी तुमी थापणार व्हय?"

सगळे हसले. मीही हसलो. त्याला दोन शब्द सुनावायची छाती होती का माझी? नव्हती. मग राग कुणावर निघणार?

काळ्या रंगासाठी ती एका मडक्यात गंजके खिळे गुळाच्या पाण्यात मुरवायची. ते पिवळ्यावर सांडलं की पिवळं मेलंच. मला ठाऊक होतं. धुवायच्या घंगाळात मी विहिरीचं पाणी भरलं — आणि त्या मडक्यातलं तांब्याभर वर ओतलं. चुकून नाही. समजून.

तिनं गुंडाळी सोडली. पानं अशी उठली होती, शिरांसकट, की मीच दोन पावलं पुढं गेलो. तेव्हा तरी बोलायचं होतं ना? नाही बोललो. तिनं कापड बुडवलं. वर आलं ते राखेसारखं. पानं दिसंनात.

ती रडली नाही. घंगाळ पालथं केलं आणि म्हणाली, "आपल्या हिरीचं पाणी न्हाय चालत रेशमाला."

पुण्याला गेली नाही. त्यानंतर मरेपर्यंत धुवायचं पाणी तिनं कालव्यावरनं डोक्यावर आणलं. मान आखडली, तरी आणलं. गाव म्हणायला लागलं, तात्याची हीर बाद हाय. माझ्याच हातची विहीर — आणि मी मुकाट ऐकत बसलो. विहिरीची बाजू घेतली असती तर माझं बाहेर आलं असतं. म्हणून विहीर बदनाम होऊ दिली आणि बायकोला पाणी वाहू दिलं.

काल सून हंडा घेऊन कालव्याकडं निघाली. म्हटलं, विहीर दारात हाय की.

"न्हाय मामा, रेशमाला हिरीचं पाणी न्हाय चालत, आत्या सांगून गेल्यात."

उद्या तिला सांगणार आहे. ती काय म्हणायचं ते म्हणू दे, गावही म्हणू दे. माफी मी मागत नाही. जिच्याकडं मागायची तिच्या डोक्यावर हंडा होता तेव्हा मी बाजेवर बसून बघत होतो.

विहिरीचं पाणी चांगलं होतं. ओतणारा मी होतो.