चपला बाहेर

"चपला बाहेर काढा जी. मशीनले धूळ चालत नाही."

कॉम्प्युटरच्या खोलीच्या दाराशी स्टुलावर बसलेले काकाजी येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगत. माणूस कोण हे ते पाहत नसत, पाय पाहत. एकदा खुद्द मॅनेजर साहेबांना त्यांनी अडवलं. ज्यांच्या जीपचा आवाज आला की लोक घाईघाईने फावडी उचलत, ते साहेब निमूट बूट काढून आत आले. त्यांच्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. काकाजींनी नजर वळवली. मला हसू आवरेना, म्हणून मी प्रिंटरचा कागद नीट करायच्या निमित्ताने खाली वाकलो.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. तुमसरच्या पुढे मँगनीजच्या एका खाणीवर मी कॉम्प्युटर चालवायला लागलो होतो. नागपुरात कोर्स केला होता, एवढीच माझी लायकी. खाणीवर सगळं काळं असे. रस्ता काळा, झाडांची पानं काळी, दोरीवरचे कपडेसुद्धा काळे. आमची खोली तेवढी पांढरी. खिडक्या कायमच्या बंद, फटींत कापूस कोंबलेला आणि मशीनसाठी एसी.

काकाजी आंधळगावचे. घरी धानाची शेती भावांकडे होती आणि हे तरुणपणीच जमिनीखाली ड्रिल चालवायला आले. खडकाची धूळ वर्षानुवर्षं छातीत साचत गेली. शेवटी डॉक्टरांनी त्यांना कायमचं वर आणवलं. पण वर काम मिळालं ते गेटवर, दगड फोडणाऱ्या क्रशरच्या शेजारी. म्हणजे आगीतून फुफाट्यात. पुढे कॉम्प्युटर आला, त्याच्या खोलीला राखणदार हवा होता, तेव्हा कोणाला तरी सुबुद्धी झाली आणि काकाजी आमच्याकडे आले.

त्यांच्या श्वासाला शिट्टी होती. सकाळी आधी ती ऐकू येई, मग ते दिसत. खोलीच्या थंड, स्वच्छ हवेत बसले की हळूहळू ती शिट्टी विरून जाई. दुपारी भिंतीला टेकून ते झोपत. एकदा त्यांची बायको डबा घेऊन आली आणि दाराच्या काचेतून बघत उभी राहिली. मी त्यांना उठवायला निघालो तर म्हणाली, "राहू द्या जी. घरी रातभर बसूनच राह्यतेत. इथंच त्याईले झोप लागून राह्यली." त्या दिवसापासून दुपारी मी प्रिंटर लावणं सोडलं. प्रिंटर कसला, करवतच होती ती.

दसऱ्याला त्यांनी मशीनला झेंडूचा हार घातला, पण उदबत्ती लावली ती बाहेर, व्हरांड्यात. मशीनला धूरही चालत नाही ना! मी चिडवलं, "काकाजी, आतल्या देवाला वास कसा येईल?"

"देवाले का दार आडवं येते, बाबू?" ते म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडी हजेरीचा नवा प्रोग्राम आला आणि त्याच्यासाठी जास्तीची मेमरी आली. मेमरी म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या काळ्या चिपांची रांग. ती सगळी बसवली आणि मशीन सुरूच होईना. पंखा फिरे, पडदा काळा. थोड्या चिपा काढल्या की सुरू होई, पण मग तो प्रोग्राम उघडत नसे. फोनवर नागपूरचा इंजिनिअर म्हणाला, "एकेक काढून पाहा. नाही जमलं तर मशीन परत पाठवून द्या."

मशीन परत गेलं की खोलीला कुलूप आणि काकाजी पुन्हा क्रशरजवळ. हे दोघांनाही कळत होतं. 

आम्ही थोड्याच चिपा ठेवून त्यांत एकेक बदलून पाहू लागलो. काकाजी डब्याच्या झाकणात त्या ओळीने मांडत, धोतराला हात पुसून मग पुढची उचलत. "हे?" "चांगली आहे." "अन् हे?" "हीपण चांगली." शेवटी ते म्हणाले, "सब्बन चांगल्या हायेत, तं सोबत काहून चालत नाहीत?"

पुन्हा सगळ्या बसवल्या आणि बटण दाबलं. त्याच क्षणी एसी घुरघुरला, ट्यूबलाइट मंद झाली आणि कोपऱ्यातल्या स्टॅबिलायझरचा काटा खाली आला. एसी आणि मशीन दोन्ही त्याच एका स्टॅबिलायझरवर होते. मेमरी वाढल्यावर दोघांना पुरेल एवढी वीज त्यातून मिळत नव्हती. मला कळलं, पण एसीच्या बटणाकडे हात जाईना. मी पुन्हा चिपा काढायला लागलो.

"त्या तं पाहून झाल्या, बाबू," काकाजी म्हणाले. काटा त्यांनीही पाहिला होता. "खाली एका हवेच्या नळावर दोन ड्रिल लावले का दोनी मरतेत. एक बंद करा लागते."

"काकाजी, एखादी चिपच खराब असेल."

ते उठले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने एसी बंद केला. मी बटण दाबलं. मशीन टुणकन वाजलं आणि पडद्यावर मेमरीचे आकडे चढत गेले.

"आता नाही ना जात हे नागपूरले?"

"नाही."

"मंग झालं."

दुसऱ्या स्टॅबिलायझरसाठी मी अर्ज केला, पुन्हा केला, साहेबांच्या मागे लागलो. येतोय, येतोय, असंच उत्तर. तोवर मशीन तापू नये म्हणून खिडक्या उघडाव्या लागल्या आणि त्यांतून काळी धूळ आत आली. काकाजींनी आपला दुपट्टा ओला करून खिडकीला बांधला. दिवसभर टेबल पुसत. दुपारी मी "मशीन तापलं" म्हणून ते थोडा वेळ बंद करी आणि एसी लावी. त्यांना माझी लबाडी कळत असावी, पण ते डोळे मिटत. मग हजेरीचं काम मागे पडायला लागलं आणि दिवसा मशीन बंद ठेवायचं नाही, असा हुकूम आला. शिट्टी आता विरत नव्हती. तरी कोणी आलं की त्या शिट्टीतूनच ते म्हणत, "चपला बाहेर... जी."

पोळ्याला ते आंधळगावला गेले ते परत आले नाहीत. त्यांच्या भावाने येऊन सांगितलं. मला फार रडू आलं. सगळ्यांसमोर आलं, आणि येऊ दिलं.

दिवाळी झाल्यावर नवा स्टॅबिलायझर आला. जोडायला आलेला माणूस बूट घालून तडक आत शिरला. पांढऱ्या फरशीवर दारापासून मशीनपर्यंत काळे ठसे उमटले. काकाजींच्या स्टुलावर बसून त्याने तारा जोडल्या. एसी लागला, मशीनही लागलं, सगळ्या मेमरीसकट. काटा जागचा हलला नाही.

"झालं तुमचं काम," म्हणून तो गेला. मी खिडक्या लावल्या. दुपट्टा अजून तिथेच होता, तो सोडून भिजवला आणि ठसे पुसून काढले. खोली हळूहळू थंड झाली. हजेरीचे कागद त्याच दिवशी छापून द्यायचे होते, पण दुपार होती. मी प्रिंटर लावला नाही.