शांताकडं राहिलेला तांब्या

शांताच्या लेकीचा, प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी गुडघ्याला तेल चोळत बसले होते. तिचं नाव दिसलं, पण मी लगेच उचलला नाही. हात तेलकट आहेत हे निमित्त झालं. खरं म्हणजे काय ऐकायचं आहे ते ठाऊक होतं आणि ते ऐकायला अंगात त्राण नव्हतं. दुसऱ्यांदा वाजल्यावर घेतला. "मावशी, आई गेली," एवढंच ती म्हणाली. तिच्या मागे कुणीतरी खुर्च्या ओढत होतं. या वयात अशा फोनांची सवय होते म्हणतात. सवयीनं रडू कमी येतं, एवढंच. दमायला मात्र तेवढंच होतं. मी साडी बदलली, पिशवी घेतली आणि पाण्याची बाटली पिशवीत टाकता टाकता थांबले. शांताकडे जाताना मी आजवर कधीच पाणी बरोबर नेलं नव्हतं. तिथं माझा तांब्या होता.

शांता जोंधळे ही माझी मैत्रीण, पण आधी ती माझ्या जागेवर आलेली बाई. राणीसावरगावच्या पुढे एका वस्तीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी बरीच वर्षं होते. एक खोली, चार वर्ग, समोर हातपंप. निम्म्या घरांत शेळ्यामेंढ्या, बाकीची माणसं रोजानं कामाला जाणारी. तिथली पोरं बाईसाठी रोज काहीतरी आणायची. खिशात चुरगळलेली बोरं, हुरड्याचं एखादं कणीस, गरम राखेत भाजलेलं अंडं. एकानं तर कातरलेल्या लोकरीचा गोळाच आणला होता, "बाई, उशीला घाला" म्हणून. त्याचा वास माझ्या पिशवीतून महिनाभर गेला नाही. मधल्या सुट्टीत मी पोरांबरोबरच हातपंपावर ओंजळीनं पाणी प्यायचे. पाणी कोपरापर्यंत ओघळायचं, बाह्या भिजायच्या आणि पोरं हसायची. ती हसतात एवढंच मला दिसत होतं. आपल्या बाईजवळ साधा तांब्यासुद्धा नाही, हे त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं, ते मला पुष्कळ नंतर कळलं.

त्या वर्षी कापसाची शेवटची वेचणी झाल्यावर पऱ्हाटीला जी बोंडं मागे राहतात, ती पोरांनी शाळेच्या आधी हिंडून वेचली. धन्याला विचारून वेचली, हेही शांतानं मला आवर्जून सांगितलं होतं. तो कापूस दुकानात घालून त्यांनी एक स्टीलचा तांब्या घेतला आणि बाजारात नाव टाकणाऱ्याकडे नेला. तो अक्षराला पैसे घ्यायचा. 'सप्रेम भेट', शाळेचं नाव, असलं काही परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत एवढंच आलं : कदमबाई. हे होईपर्यंत उन्हाळ्याची सुट्टी लागली, सुट्टीत माझी बदली परभणीजवळ पेडगावला झाली, आणि जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा खुर्चीवर शांता बसलेली होती.

पुढचं मला तिनं इतक्यांदा सांगितलं आहे की आता मीच तिथं हजर होते असं वाटतं. पहिल्याच दिवशी पोरं तांब्या घेऊन आली. नव्या बाईंना वाटलं, आपलं स्वागत आहे. तिनं हात पुढे केला तर एक पोरगी म्हणाली, "ह्यो तुमचा न्हाई बाई. कदमबाईचा हाय. तुमाला नुसता दावायला आणलाय." दुसरी कुणी असती तर तोंड आंबट करून बसली असती. मीही बसले असते, खोटं कशाला बोलू. शांता म्हणाली, "मग जपून ठिवू. कुठं ठिवायचा ते तुमीच सांगा." पोरांनी तो कपाटावर पालथा घालून ठेवला, आणि तो जागेवर आहे का हे बघायला रोज सकाळी रांगेनं आत येऊ लागली.

एका रविवारी परभणीत आमच्या दारात एक काटकुळी बाई उभी राहिली. चपला धुळीनं भरलेल्या. "तुमीच कदमबाई का? तुमचं सामान हाय माझ्याकडं." मी विचारलं, मग आणलं का नाही? तर म्हणे, "मी कशी आणू? लेकरांनी घेतलंय, लेकरंच देणार. तुमी या." मला तेव्हा तिचा रागच आला. दोन गाड्या बदलून ही बाई निरोप सांगायला येते आणि वस्तू तिकडेच ठेवून येते! पण गेले. पोरांनी मला खुर्चीवर बसवलं, हातपंपावरून तांब्या भरून आणला, वर ताटली झाकलेली. मी सगळ्यांसमोर पाणी प्याले, डोळे पुसले, आणि तांब्या पिशवीत घालायला लागले तशी ती पहिल्या दिवशीची पोरगी, गंगू तिचं नाव, पुढे आली. "नेल्यावर मग तुमी परत कशाला येताव?"

मी शांताकडे बघितलं. ती खडू शोधण्याचं सोंग करत होती. मी तांब्या गंगूच्या हातात दिला आणि म्हटलं, ठेव जागेवर, पुढच्या खेपेला नेते.

अशी ती पुढची खेप सुरू झाली. दिवाळीनंतर, संक्रांतीला, परीक्षा झाल्यावर, जमेल तसं मी वस्तीवर जायचे, पाणी प्यायचे आणि तांब्या ठेवून परत यायचे. पोरं मोठी झाली, पांगली. शांताची बदली झाली तेव्हा शेवटच्या पोरांनी तांब्या तिच्या ट्रंकेत घातला, आणि तो गंगाखेडला तिच्या घरी आला. मग मी गंगाखेडला जाऊ लागले. तिचा एक नेम होता. मी दारात दिसले की फळीवरचा पालथा तांब्या सुलटा व्हायचा, विसळून भरायचा, वर ताटली यायची. निघताना मी म्हणायचे, "आता नेतेच बाई हा." ती म्हणायची, "न्या की. मग पाणी कशानं पेताव ते सांगा." ती माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, मी तिला अगंतुगं करायचे, पण तिनं 'बाई' आणि 'तुमी' शेवटपर्यंत सोडलं नाही. थट्टा मात्र मोठ्या बहिणीसारखी करायची. मी निवृत्त झाले तेव्हा शालींचा ढीग आणि भिंतीवरची घड्याळं मिळाली. परभणीच्या उन्हात माणसं एकमेकांना शाली का देतात हे मला न उलगडलेलं कोडं आहे. शांता तो ढीग बघून म्हणाली, "एक मला द्या. तांब्याला पांघरून ठिवते."

तो तांब्या माझ्या घरी फक्त एकदा आला. आमच्या ह्यांच्या जाण्यानंतर मी वर्षभर उंबरा ओलांडला नाही. कुणाकडे जावंसं वाटेना, कुणी येऊ नये असं वाटे. शांता दोनदा येऊन गेली, मी धड बोलले नाही. तिसऱ्यांदा आली ती गंगाखेडपासून एसटीत मांडीवर भरलेला तांब्या धरून. वर ताटली, ताटलीवरून फडकं घट्ट बांधलेलं, तरी तिचा पदर आणि शेजारच्या एका पागोटेवाल्या म्हाताऱ्याचं धोतर भिजवूनच आली होती. "त्यो बाबा लय बोलला मला," ती सांगत होती, "बाई, परभणीत पाणी मिळंना का म्हणला." तांब्यात निम्मंच पाणी उरलं होतं. मी प्याले. वर्षभरात पहिल्यांदा मला तहान लागली होती असं जाणवलं. ती मात्र अर्धा तास बसली आणि तांब्या पिशवीत घालून उठली. मी म्हटलं, अगं, आता आणलाच आहेस तर राहू दे. "वा वा," ती चप्पल घालताना म्हणाली, "म्हणजे तुमी बसताव घरातच." पुढच्याच महिन्यात मी गंगाखेडला गेले.

मग तिचं मूत्रपिंडाचं दुखणं निघालं. डायलिसिस सुरू झालं. ते तिचं झिजत जाणं सविस्तर लिहायची ताकद माझ्यात नाही, आणि वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरात हे झालंय त्यांना सांगायला नको. तिचं पाणी बांधून दिलं होतं. दिवसाकाठी मोजकं, तेही घोट घोट. आलेल्यागेलेल्याला आधी पाणी विचारणारी बाई ओठ ओले करून बसायची. शेवटच्या खेपेला मी गेले तेव्हा ती कॉटवर होती, पाय सुजलेले. प्रज्ञा पुण्याहून रजा काढून आली होती. शांतानं तिला खुणेनं तांब्या भरायला लावला. माझ्याच्यानं तो घेववेना. तिच्यासमोर मी पाणी कसं प्यावं? म्हटलं, तहान नाही. ती चिडली. त्या आजारपणात तिला चिडलेलं मी तेवढंच एकदा बघितलं. "प्या बाई. घटाघटा प्या. मला निदान आवाज तर ऐकू द्या." मी वरून धार धरून प्याले, तांब्या रिकामा होईपर्यंत. ती डोळे मिटून ऐकत होती... मग म्हणाली, "हां. आता पालथा घाला."

त्यानंतर पंधरवड्यातच प्रज्ञाचा फोन आला. त्या दिवशी अंगणात माणसं मावत नव्हती. कुणीतरी माझ्या हातात प्लास्टिकच्या पेल्यातून पाणी दिलं आणि मी ते प्याले. आतल्या फळीवर तांब्या पालथाच होता.

बौद्ध रीतीनं शांताच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, आणखी काही दिवस गेले, आणि प्रज्ञानं मला बोलावून घेतलं. घर आवरायला काढलं होतं. नोकरी पुण्याला, इथं राहणार कोण? वडील तर ती लहान असतानाच गेलेले. खोकी भरलेली, भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीच्या जागी रंगाचा ताजा चौकोन. तिनं फळीवरून तांब्या आणला आणि माझ्यासमोर ठेवला. "मावशी, हा तुमचा. किती वर्षं आमच्याकडंच राहिला बगा. आई त्यातून तुमालाच पाणी द्यायची, पण परत द्यायचं तिच्या ध्यानातच राहिलं न्हाई." आत ज्वारी होती, काठोकाठ. "रिकामा कसा द्यावा? लोकाचं भांडं रिकामं देऊ नये, आईच म्हणायची."

मी ज्वारीत बोटं घातली. या पोरीला ठाऊकच नव्हतं. तांब्यावर घेणाऱ्याचं नाव होतं, देणाऱ्यांचं नव्हतं. ती लहानपणापासून समजत आली होती की कदममावशी तांब्या विसरून गेल्या. एक मन म्हणालं, घे आणि जा. गुडघे गेलेत, एसटीच्या पायऱ्या चढवत नाहीत, आता गंगाखेडला येण्याचं कारणही उरलं नाही. घरी नेऊन शालींच्या कपाटात ठेवला की झालं. क्षणभर बरंही वाटलं, सुटल्यासारखं. आणि मग लक्षात आलं की तसं केलं तर ही पोरगी आणि मी पुन्हा एकमेकींना दिसणार नाही. कार्यक्रमांना फोन करू, हळूहळू तेही थांबेल. शांता आज खरी संपेल, या खोलीत, माझ्या हातानं. मला ते सहन होईना.

मी तिला सगळं सांगितलं. कापूस, अक्षराचे पैसे, गंगू, म्हाताऱ्याचं भिजलेलं धोतर. ती एका खोक्यावर बसून ऐकत होती. धोतराशी आल्यावर हसली, आणि हसता हसता तिला जे रडू फुटलं ते आवरेना. आई गेल्यापासून ती खोकीच भरत होती, रडायला वेळ मिळाला नव्हता. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "मग आता काय करायचं ह्याचं?"

"ज्वारी माझ्या पिशवीत ओत," मी म्हटलं. "तांब्या पुण्याला ने."

"तुमी याल?"

"पाणी प्यायला येईन की."

"तुमचे गुडघे, मावशी..."

"पाणी काय गुडघ्यांना प्यायचंय?"

हे मी मोठ्या तोऱ्यात बोलले. घरी येऊन दोन दिवस झोपून होते. पुणं काही जवळ नाही, आणि प्रवासाचा मला आता खरोखर कंटाळा आहे. ज्वारीच्या भाकरी झाल्या, खाऊन संपल्या. शांताची आठवण रोज येते असं म्हणणार नाही. काही दिवशी तर आठवायचाही थकवा येतो. पण तहान लागली आणि घरातला पेला उचलला की हात किंचित अडतो.

परवा प्रज्ञानं फोनवर फोटो पाठवला. भाड्याच्या घरातला लहानसा ओटा, खिडकीत दोरीवर वाळणारे कपडे, आणि ओट्याच्या कोपऱ्यात तांब्या. खाली काही लिहिलं नव्हतं. शेजारच्या बाईंकडून फोटो मोठा करून घेतला. ठिपक्यांची अक्षरं पुष्कळ पुसली आहेत, पण माझं नाव वाचता येतं. तांब्या सुलटा आहे, आणि वर ताटली झाकलेली आहे.