दोन विती

वेल्ह्यात एसटीच्या थांब्यामागे एक कारागीर तीरकमठे करतात. गाडीची वाट बघत मी त्यांच्या ओट्यावर बसतो, पण नाव विचारायचं राहूनच गेलंय. धामणीची काठी तासून, दोरी बांधून झाली की कमठा खुंटीवर आडवा टांगतात आणि दोरी बोटबोट खाली ओढत कान देतात. लाकूड करकरलं की थांबतात, दोन बोटं मागं येतात आणि कमठ्यापासून तिथवर वितीनं मोजतात. मला ते करकरणं अजून एकदाही ऐकू आलेलं नाही.

परवा पानशेतला बंगला असलेले एक साहेब आले. कमरेएवढा कमठा घेतला आणि दोरी कानापर्यंत ओढायला लागले. यांनी त्यांचं मनगट धरलं.

"सायेब, दोन विती. म्होरं मोडंल आन् तोंडावर यील."

"ठेवतो लक्षात," साहेब हसले.

साहेबांनी घेतलेले सहाही बोथट बाण यांनी दोन विती मोजून पुढून करवतीनं कापले. आता जास्त ओढलं तर बाण कमठ्यावर टिकणारच नव्हता.

"घ्या," ते म्हणाले. "आता इसरलं तरी चालंल."