बरुआसागरच्या गाडीतला आवाज

विचारून घ्यावं, एवढंच तर म्हणणं आहे! मी फुकट वाटतो म्हणून काय कुणीही उचलून न्यावं? त्या आठवड्यात झाशीतल्या आमच्या दोन खोल्यांत मी हे इतक्या वेळा ओरडलो की आई वैतागून म्हणाली, "अरे, मला काय सांगतोस? मी कुठे काय उचललंय?"

दिवसभर मी बिजौलीत एका कारखान्यात मशीनवर असतो. घरी आलो की कॉम्प्युटरवर आगगाड्या बनवतो. रेल्वे चालवायचा एक गेम आहे, त्यात परदेशातले डोंगर-बोगदे भरपूर, पण आपल्याकडचं काही नाही. म्हणून आमच्यासारखे हौशी लोक त्यात स्वतःची भर घालतात. त्याला मॉड म्हणायचं. मी झाशी ते बरुआसागर हा रेल्वेमार्ग बनवला. दोन वर्षं गेली त्यात, सगळ्या सुट्ट्या गेल्या.

आमच्या मंडळींत काही रीत असते. दुसऱ्याची वस्तू घ्यायची तर आधी विचारायचं. उत्तर आलं नाही तर ते 'नाही'च समजायचं. आणि सोबतच्या फाईलमध्ये ज्याचं जे असेल त्याचं नाव लिहायचं. मला एकाच्या दिव्याचा खांब हवा होता, तर मी चार महिने त्याच्या उत्तराची वाट बघितली. नाहीच आलं. मग स्वतः खांब बनवला. तो थोडा वाकडा झाला, पण माझा झाला!

ह्या मॉडमधली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे बाबा. बाबा रेल्वेत ड्रायव्हर होते, आता रिटायर. इंजिनात सिग्नल दिसला की ड्रायव्हरनं हात करून मोठ्यानं पुकारायचं आणि असिस्टंटनं तेच परत म्हणायचं, असा नियम असतो. तो आवाज मला गेममध्ये हवा होता. बाबांना म्हटलं, "तुम्ही पुकारा, मी असिस्टंट होतो." एका रविवारी दुपारी पंखा बंद केला, खिडकीला गादी लावली. बाबांना बसून पुकारताच येईना. उभे राहिले, समोरचं कपाट म्हणजे स्टेशनाआधीचा लांबचा सिग्नल असं धरून त्याकडे बोट केलं आणि ओरडले, "डिस्टंट, हरा!" मी म्हटलं, "हरा!" घामानं दोघं निथळलो. माझ्या आवाजावर ते तीनदा चिडले. "झोपेत बोलल्यासारखा काय बोलतोस? पुढे गाडी उभी असली तर?"

सगळं झाल्यावर मला म्हणाले, "ह्यात माझं नाव येतं का रे कुठे?" मी म्हटलं, "येणार म्हणजे काय, येणारच!" इतकी वर्षं गाड्या चालवल्या, पण ह्या माणसाचं नाव ड्यूटीच्या कागदांपलीकडे कुठे छापून आलं नव्हतं. त्यांनी बबीन्यातल्या त्यांच्या जुन्या दोस्ताला लगेच फोन लावला. तोही रिटायर ड्रायव्हर.

मॉड मी सगळ्यांसाठी फुकट टाकला, आणि महिन्याभरानं नातवाच्या कॉम्प्युटरवर तो बघून त्याच दोस्ताचा उलटा फोन आला. "भैया, आवाज तो तुम्हारा ही है, पर नाम तो किसी और का आ रहा है." बाबांनी फोन ठेवला आणि ताटावर बसले. भाकरी अर्धीच ठेवली.

मी शोधलं. कुण्या दिवट्यानं माझा अख्खा मॉड उचलून स्वतःच्या नावानं टाकला होता. माझी नावांची फाईल काढून टाकली होती आणि सुरुवातीच्या चित्रावर स्वतःचं नाव, तेही सोनेरी अक्षरांत! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. वाकडा खांबसुद्धा तसाच नेला होता लेकाच्यानं. त्याला लिहिलं, तर उत्तर काय? "भैया, फ्री की चीज़ है, इतना क्यों भड़क रहे हो?"

भडकू नको तर काय आरती ओवाळू? मी आमच्या ग्रुपवर हे लांबलचक लिहिलं. माझं नाव गेलं तर गेलं, पण एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज वापरता आणि त्याचं नाव पुसता, लाज कशी वाटत नाही? शेकडो लोकांनी माझी बाजू घेतली. त्या पोराला सगळ्यांनी असं धारेवर धरलं की दुसऱ्या दिवशी त्याची माफी आली. ॲडमिननं मला निरोप पाठवला, "आपकी ओरिजिनल फ़ाइल भेजिए, उसी के हिसाब से सारे नाम वापस लगवाते हैं."

मी जिंकलो होतो! बाबांना हाक मारली, खुर्ची दिली. "या, बसा. आता तुमच्यासमोरच पाठवतो." माझ्या जुन्या डिस्कवरून ती फाईल उघडली. बाबांनी चष्मा लावला आणि एकेका ओळीवर बोट ठेवून वाचू लागले. रूळ अमक्याचे. झाडं तमक्याची, परवानगीनं. स्टेशनची इमारत माझी. शेवटची ओळ होती, "आवाज: स्वतःचे रेकॉर्डिंग."

आमच्यात सगळे असंच लिहितात. कुठून ढापलेला नाही, एवढंच सांगायचं असतं. माझ्याच आधीच्या एका छोट्या मॉडची फाईल समोर ठेवून मी ही भरली होती, आणि ती ओळ तशीच राहिली होती. बाबांनी खाली-वर पुन्हा एकदा बघितलं. मग माझ्याकडे वळून, मला सांभाळून घेतल्यासारखं म्हणाले, "ह्यातूनही माझं नाव त्यानंच काढलं असेल, नाही का रे?"

"नाही बाबा," मी म्हटलं. "ह्या फाईलला त्याचा हात लागलेला नाही."