ऑपरेटर अक्कांचा नकाशा

संगणकाच्या पडद्यावर काही बिघडल्याची सूचना आली, की आपण ती न वाचताच ‘ओके’ दाबतो. ऑपरेटर अक्का ती मोठ्याने वाचायच्या. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत, मधले आकडे आणि तिरप्या रेघांसकट. एकदा मी घाईने ती चौकट बंद करायला गेले, तर माझ्या हातावर चापट बसली. ‘समोरचं बोलत असताना लाइन तोडायची नाही, मास्तरीणबाई!’

मी तेव्हा जळगावला एका कॉलेजात संगणक शिकवत होते आणि मेहरूणमध्ये अक्कांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होते. अक्का सत्तरीच्या आसपासच्या, एकट्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर म्हणून, परगावचे फोन बोर्डावर हाताने जोडून द्यायला, लागल्या होत्या. डायल फिरवून थेट फोन लागायला लागले तेव्हा त्यांना दुसऱ्या टेबलावर बसवलं, पण गल्लीने त्यांचं नाव बदललं नाही. आवाज मात्र तसाच राहिला होता, स्वच्छ आणि थोडा चढा. खाली त्या बोलल्या की वर मला शब्दन् शब्द ऐकू यायचा.

रोज दुपारी चारला त्या धुळ्याला फोन लावायच्या. तिथे कुसुमबाई होत्या. या जळगावच्या बोर्डावर आणि त्या धुळ्याच्या, तेव्हापासूनची मैत्री. एवढ्या वर्षांत दोघी प्रत्यक्ष भेटल्या असतील चार-पाच वेळा, त्याही लग्नकार्यात, गर्दीत. बाकी सगळी मैत्री तारेवरची. फोनवर त्या एकमेकींना अजून गावाच्या नावानेच हाक मारायच्या, तीही अहिराणीत.

‘काय व धुळे, कशी शे?’

‘बठ्ठं तसंच शे, जळगाव.’

‘बठ्ठं तसंच’, सगळं तसंच, म्हणजे उजवी बाजू. कुसुमबाईंना पक्षाघाताचा झटका आला होता. उजवा हात आणि पाय गेले, जीभ वाचली. डाव्या हाताच्या बोटांना काम हवं, असं डॉक्टर म्हणाले म्हणून सुनेने आपल्या लॅपटॉपवर त्यांना एक जुना, फुकटचा खेळ लावून दिला. दोन माणसांनी दोन गावांतून एकत्र खेळायचा. एक पात्र त्यांचं, एक अक्कांचं. पण त्या खेळात पावलोपावली राक्षस. अक्का निसटायच्या, कुसुमबाईंची बोटं पोचेपर्यंत त्यांचा बाहुला मेलेला असायचा. एक दिवस त्या फोनवर म्हणाल्या, ‘इथंबी चालू देत नाहीत व मला कोणी.’

त्या संध्याकाळी अक्का जिना चढून वर आल्या. गुडघ्यांमुळे एरवी त्या कधीच वर येत नसत.

‘त्या खेळाचे नकाशे आपल्याला बनवता येतात म्हणे. एडिटर असतो. मला तो लावून दे. राक्षस नसलेला नकाशा करायचाय.’

मी चौकशी करून सांगितलं की जमणार नाही. अक्कांचा संगणक जुनापुराणा. त्यावर विंडोजऐवजी मीच लिनक्स ही हलकी प्रणाली टाकून दिली होती. खेळ त्यावर चालायचा, पण एडिटर फक्त विंडोजसाठी, तोही नव्या यंत्रासाठी. ‘तुमच्या संगणकाला पाठिंबाच नाही त्याचा,’ मी म्हटलं.

‘पाठिंबा नाही म्हणजे बंदी आहे का?’

‘बंदी नाही. पण चाललं नाही तर कोणी जबाबदार नाही.’

‘मग ठीक आहे. मी आहे ना जबाबदार.’

मी आणखी सांगितलं की ‘वाइन’ नावाचा एक प्रोग्राम विंडोज आणि लिनक्समध्ये दुभाष्याचं काम करतो, तो वापरून पाहता येईल. अक्का दचकल्या. ‘नावं काहीही ठेवतात मेले!’ म्हणाल्या, आणि सकाळी अंघोळ उरकून वाइन चढवायला बसल्या.

मला वाटलं होतं, चार दिवसांत कंटाळतील. त्यांनी वही केली. ट्रंक कॉलचं तिकीट भरावं तशी एकेक नोंद. वेळ, काय मागितलं, काय उत्तर आलं. इंग्रजी सूचना जशीच्या तशी उतरवायच्या आणि मी कॉलेजातून आले की अर्थ विचारायच्या. एक फाइल सापडत नाही, असं यंत्र म्हणत होतं. ती दिली तर दुसरी मागितली. नवा एडिटर काही केल्या जुळेना, तेव्हा अक्कांनी खेळाच्या इंटरनेटवरच्या मंचावर आपल्या मोडक्या इंग्रजीत पत्र लिहिलं. कोणा अनोळखी माणसाने फार जुनी आवृत्ती पाठवली. ती उघडली, पण खिडकी काळी ठिक्कर. मी हात टेकले. ‘अक्का, सोडून द्या आता.’

‘काळी का होईना, खिडकी आली ना? म्हणजे पलीकडे रिंग जातेय.’

शेवटी ग्राफिक्सची एक सेटिंग त्यांनीच बंद केली. वहीत एका सूचनेच्या अगदी तळाशी तिचं नाव होतं. मी ते तीनदा वाचूनही सोडून दिलं होतं. मी घरी आले तर अक्का दारातच उभ्या, चष्मा कपाळावर. आत पडद्यावर हिरवी चौकटीचौकटींची जमीन पसरलेली. शिकवायची मी, आणि जमलं त्यांना.

नकाशा त्यांनी मेहरूणच्या तळ्याचा केला. काठाने रस्ता, एका बाजूला बोरीची झाडं. खेळात बोर नव्हती, म्हणून काटेरी झुडपं लावली. राक्षस एकही नाही. पायवाट मात्र चांगली रुंद, ‘तिला वळायला जागा पाहिजे’ म्हणून.

पहिल्या दिवशी मी शेजारी बसले होते. फोन स्पीकरवर. कुसुमबाईंचा बाहुला झुडपांवर आपटत पुढे सरकत होता. अक्का दर दोन पावलांवर थांबायच्या.

‘थांबू नको व. चाल तू. मी येस,’ पलीकडून आवाज आला. मग बराच वेळ फक्त बटणांचा टकटकाट. पुरा फेरा झाल्यावर कुसुमबाई एवढंच म्हणाल्या, ‘पाय दुखनात व माझे.’ दोघी इतक्या हसल्या, की अक्कांना पदराने डोळे पुसावे लागले.

पुढची दीड वर्षं रोज चारला हा फेरा चालला. मग अक्काच गेल्या. सकाळी भाजी निवडता निवडता, कुणाला हाक मारायलाही वेळ मिळाला नाही. धुळ्याला फोन मी केला. पलीकडे कुसुमबाई काहीच बोलल्या नाहीत. मी लाइन तोडली नाही. खूप वेळाने सुनेने फोन ठेवला.

त्याच वर्षी माझी बदली धुळ्याला झाली. एका रविवारी मी कुसुमबाईंना भेटायला गेले. मनात एक विचार होता. म्हटलं, ‘मी अक्कांच्या नावाने खेळात येऊ का? तुमच्याबरोबर फेरा मारायला?’

‘तिचं नाव नको लावू. तुझं लाव,’ त्या म्हणाल्या. आणि मग, ‘त्यापेक्षा तो एडिटर शिकव मला. तिने तळं केलं, झाडं केली, पण बसायला कुठं जागाच नाही ठेवली. कायम घाईत!’

अक्कांचा नकाशा नव्या एडिटरमध्ये उघडत नव्हता, आणि सुनेच्या लॅपटॉपवर ती जुनी आवृत्ती उघडेना. अक्कांची वही मी आणली होती. ती शेजारी ठेवून, आलेली प्रत्येक ओळ वाचत, आम्ही चार रविवार घालवले. पाचव्या रविवारी एडिटर उघडला. कुसुमबाईंनी डाव्या हाताने पहिलं बाकडं ठेवलं, ते नेमकं पाण्यात पडलं. मी ते काढायला माउसकडे हात नेला.

‘हात नको लावू,’ त्या म्हणाल्या. ‘मी काढस.’

पाऊण तास लागला. बाकडं काठावर आलं.